प्लास्टिकची जन्मकथा आणि आपली उद्योगनगरी



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस बोलावले, तेव्हा आम्ही कामगार चळवळीवर बोलावे अशी त्यांची अपेक्षा होती. आमचे उभे आयुष्य त्या चळवळीत गेले असल्याने ती अपेक्षा साहजिकच होती. परंतु आम्ही विषय मागून घेतला तो प्लास्टिकचा. कित्येकांना याचे नवल वाटले असेल. आम्ही रसायनशास्त्राचे पदवीधर नाही. आमचे शाळेतले शिक्षण दहावीपाशी थांबले, आणि पुढे जे काही झाले ते वाचनालयाच्या बाकावर, रात्रपाळी सुटल्यानंतरच्या सकाळी झाले. तथापि ज्या पदार्थाच्या दाण्यांत आमचे हात बारा-चौदा वर्षे बुडालेले होते, तो पदार्थ आला कोठून हे आम्हांस सांगता येऊ नये, याची आम्हांला एके काळी लाज वाटली. ती लाज कशी वाटली तो प्रसंग पुढे ओघाने येईलच. आधी मूळ कथा सांगू.

या सभामंडपातच पाहा. आपण बसला आहात त्या खुर्च्या पॉलिप्रॉपिलिनच्या. या ध्वनिक्षेपकाच्या तारेवरचे वेष्टण पीव्हीसीचे. टेबलावरची पाण्याची बाटली पॉलिएस्टरची, आणि आमच्या अंगातल्या सदऱ्यातला अर्धा धागाही त्याच पॉलिएस्टरचा. चष्म्याची काच म्हणून जे आपण म्हणतो, तीही बहुतेकांची काच उरलेली नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी यांतला एकही पदार्थ बाजारात मिळत नव्हता. लोखंड, तांबे, माती, लाकूड, कातडे यांच्याशी माणसाची ओळख हजारो वर्षांची. हा पाहुणा मात्र काल आला आणि आज घराचा मालक होऊन बसला. तो कसा आला, कोणी आणला आणि त्याची किंमत कोणी दिली, एवढ्या तीन प्रश्नांपुरते आजचे भाषण आहे.

प्रथम प्लास्टिक म्हणजे काय, हे घरातल्या उदाहरणाने समजून घेऊ. गूळ तापवला की पातळ होतो आणि निवला की पुन्हा घट्ट होतो. तो दहा वेळा वितळवा, गूळ तो गूळच. भाकरीचे तसे नाही. एकदा तव्यावर भाजली की तिचे पुन्हा पीठ होत नाही; फार तापवाल तर करपेल. प्लास्टिकच्याही या दोन जाती आहेत. बादल्या, पिशव्या, नळ्या, बाटल्या ही गुळाच्या जातीची, आणि जुन्या काळची विजेची काळी बटणे व कुकरच्या मुठी ही भाकरीच्या जातीची. मात्र दोन्हींचे मूळ गुपित एकच. अगदी लहान रेणू एकमेकांत कड्या अडकवून हजारो कड्यांची लांब साखळी करतात. एकेकटा रेणू हवेत उडून जाणारा वायू असतो, आणि साखळी झाली की त्याचीच बादली होते. संघटनेचे महत्त्व आम्ही कामगारांना आयुष्यभर सांगत आलो. ते निसर्गाने रेणूंना आमच्या आधीच सांगितले होते.

साचा भरून वस्तू घडवण्याची कला माणसाला प्लास्टिकच्या आधीपासून येत होती. तिच्यासाठी निसर्गाने दिलेला माल म्हणजे शिंग, कासवाची पाठ, हस्तिदंत आणि आपल्या देशातली लाख. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या फांद्यांवर राहणारा एक बारीक किडा आपल्या अंगातून राळ पाझरवतो; तीच लाख. लाक्षागृहाची कथा लहानपणी कोणी ऐकली नाही? बांगड्या, मोहरा, लाकडावरचे रोगण या सर्वांना लाख लागे. पुढे ग्रामोफोन आला तेव्हा त्याच्या तबकड्यांनाही लाखच लागली. आपल्या आजोबांनी बालगंधर्वांची नाट्यगीते कर्णा लावून ऐकली, ती लाखमिश्रित काळ्या तबकड्यांवरून. रानातल्या किड्याची राळ आणि रंगभूमीवरचा सूर यांची अशी गाठ पडली होती.

एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत कारखाने वाढले, मध्यमवर्ग वाढला, आणि हा नैसर्गिक माल पुरेनासा झाला. इंग्लंडमधल्या अलेक्झांडर पार्क्सने १८६२ च्या लंडन येथील प्रदर्शनात कापसाच्या तंतूवर नायट्रिक आम्लाची क्रिया करून बनवलेला एक घडवता येणारा पदार्थ मांडला. त्याचा धंदा चालला नाही. अमेरिकेत बिलियर्डचे चेंडू हस्तिदंताचे करीत, आणि हस्तिदंत महाग झाला म्हणून त्याला पर्याय शोधणाऱ्यास दहा हजार डॉलरचे बक्षीस जाहीर झाले होते. जॉन वेस्ली हायट नावाचा एक छापखान्यातला कारागीर त्या मागे लागला. त्याने त्याच नायट्रेट केलेल्या कापसात कापूर मिसळून १८७० च्या सुमारास सेल्युलॉइड तयार केले. कारागीराच्या हातून हा शोध लागला, हे आम्ही मुद्दाम सांगतो. पदवी नसलेल्या माणसाला त्याने धीर येतो.

सेल्युलॉइडच्या फण्या झाल्या, कॉलर झाल्या, बाहुल्या झाल्या. पण त्याचे सर्वांत मोठे काम म्हणजे चित्रपटाची फीत. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लोकांसमोर आला, तो याच फितीवरून. या पदार्थात एक भयंकर अवगुण मात्र होता. तो भडकून पेटे, कारण त्याचे गोत्र स्फोटक कापसाचे. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात, जेथे एके काळी प्रभात स्टुडिओ होता त्या आवारातल्या फितींच्या कोठाराला आग लागली आणि जुन्या चित्रपटांचे अमोल धन जळून गेले. शंभर वर्षांपूर्वीच्या रसायनाने एकविसाव्या शतकात आपली वसुली केली ती अशी.

यानंतरचे नाव लिओ बेकलंड यांचे. हे मूळचे बेल्जियमचे, अमेरिकेत स्थायिक झालेले रसायनतज्ज्ञ. विजेचे युग सुरू झाले होते आणि तारा-यंत्रांना वीजरोधक म्हणून लाख हवी होती. ती आपल्याकडून जाई, मागणीइतकी मिळत नसे आणि तिचा भाव चढत असे. बेकलंड यांनी लाखेला पर्याय शोधायचे ठरवले. दगडी कोळशाच्या डांबरातून निघणारे फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइड या दोहोंना उष्णता व दाब देऊन त्यांनी १९०७ मध्ये जो टणक पदार्थ मिळवला, त्याला स्वतःच्या नावावरून बेकेलाइट म्हटले, आणि १९०९ मध्ये तो जगापुढे मांडला. सेल्युलॉइडमध्ये निदान कापूस तरी होता. बेकेलाइटमध्ये निसर्गाने तयार दिलेला तंतू वा राळ काहीच नव्हते. पूर्णपणे माणसाने घडवलेले पहिले प्लास्टिक ते हे. जुन्या वाड्यांतली काळी गोल बटणे, टेलिफोनचा जड काळा रिसीव्हर, रेडिओची तपकिरी पेटी आपल्यांतल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. ते सारे बेकेलाइट. रानात लाख गोळा करणाऱ्या माणसाने बेकलंड यांचे नाव कधी ऐकले नसेल, परंतु त्याच्या मालाला सात समुद्रांपलीकडे प्रतिस्पर्धी जन्मला होता. तबकड्यांचेही तेच झाले. १९४८ मध्ये अमेरिकेत विनाइलची दीर्घ काळ वाजणारी तबकडी निघाली, आणि लाखेची तबकडी हळूहळू अडगळीत गेली.

गंमत अशी, की हे पदार्थ बनत होते पण ते आतून कसे असतात हे कोणास नीट माहीत नव्हते. जर्मन शास्त्रज्ञ हेरमान श्टाउडिंगर यांनी १९२० मध्ये प्रथम मांडले, की हे रेणू म्हणजे लांबच लांब साखळ्या आहेत. त्या काळच्या नामवंतांनी त्यांना वेड्यात काढले. त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले ते १९५३ मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी. पण एकदा साखळीची कल्पना रुजली, तेव्हा शोधांची रांग लागली.

मार्च १९३३ मध्ये इंग्लंडमधल्या एका रासायनिक कंपनीच्या प्रयोगशाळेत फॉसेट व गिब्सन हे दोघे इथिलीन वायूवर प्रचंड दाब देऊन पाहत होते. हवे ते घडले नाही, पण भांड्याच्या तळाशी मेणासारखा पांढरा थर आढळला. ते पॉलिथीन. पुन्हा करून पाहताना स्फोट झाले, काम थांबले, आणि १९३५ मध्ये ते पुन्हा जमले. १९३९ मध्ये उत्पादन सुरू झाले न झाले तोच महायुद्ध पेटले, आणि विमाने हुडकणाऱ्या रडारच्या तारांना हे पॉलिथीन उत्तम वीजरोधक ठरले. आज दुधाची पिशवी म्हणून आपण कापून टाकतो, तो पदार्थ एके काळी लष्करी गुपित होता! अमेरिकेत वॉलेस कॅरोदर्स यांनी १९३५ मध्ये नायलॉन घडवले. १९४१ मध्ये इंग्लंडमध्ये व्हिन्फील्ड व डिक्सन यांनी पॉलिएस्टरचा धागा काढला, ज्याला आपण टेरिलीन म्हणून ओळखले. पाण्याची बाटली होते ती याच पदार्थाची. पीव्हीसी प्रयोगशाळेत १८७२ मध्येच दिसले होते. पण ते कडक व ठिसूळ म्हणून पडून राहिले, आणि १९२६ मध्ये वॉल्डो सेमन यांनी त्याला मऊ करण्याची युक्ती काढली तेव्हा कामाला आले. १९५३-५४ मध्ये जर्मनीचे त्सीग्लर आणि इटलीचे नाट्टा यांनी कमी दाबात साखळी जोडण्याची वाट दाखवली. टणक पॉलिथीन आणि पॉलिप्रॉपिलिन त्या वाटेने स्वस्त झाले. १९६३ चे नोबेल दोघांना विभागून मिळाले.

आता आपल्या मुलखाकडे वळू. यांतला बराचसा माल तेल शुद्ध करताना निघणाऱ्या नॅफ्थापासून होतो. म्हणून जेथे तेलशुद्धी तेथे प्लास्टिक. मुंबईत चेंबूर-तुर्भे भागात तेलशुद्धी कारखाने होते, आणि १९५० ते १९७० या काळात पॉलिस्टायरिन व पॉलिथीन बनवणारे कारखाने चेंबूर व ठाणे-बेलापूर पट्ट्यात उभे राहिले. तेथून दाण्यांची पोती घाट चढून आपल्याकडे येऊ लागली.

आपली नगरी त्या वेळी नुकती आकाराला येत होती. फाळणीनंतर आलेल्या सिंधी बांधवांची वसाहत पिंपरीत वसली. १९५४ मध्ये येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला, आणि पुढच्याच वर्षी देशी पेनिसिलीन बाहेर पडू लागले. ते टोचण्याची सुई त्या काळी काचेच्या पिचकारीला लावीत आणि दर वेळी उकळून घेत. आज एकदा वापरून टाकण्याची पिचकारी प्लास्टिकची असते, आणि तिने कित्येकांना रक्तातून पसरणाऱ्या रोगांपासून वाचवले आहे, हे प्लास्टिकच्या शत्रूनेही मान्य करावे. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघाले, भोसरी-चिंचवडच्या शेतांवर प्लॉट पडले, आणि १९७० मध्ये नगरपालिका व १९८२ मध्ये महानगरपालिका झाली.

या वाटचालीत प्लास्टिकचा पहिला मोठा धागा तारेचा आहे. प्रल्हाद छाब्रिया हे कराचीचे. १९५८ मध्ये पुण्यात त्यांच्या फिनोलेक्सने मोटारींसाठी पीव्हीसीचे वेष्टण असलेल्या तारा बनवण्यास आरंभ केला. पिंपरीचे नाव त्या तारांबरोबर देशभर गेले. पुढे त्याच उद्योगसमूहाने शेतीच्या पाण्याचे पीव्हीसी पाइप काढले, आणि १९९४ मध्ये रत्नागिरीजवळ पीव्हीसीच बनवण्याचा कारखाना उभारला. भोसरीला सेंच्युरी एन्काने नायलॉनचे धागे काढले, ज्यांतले काही टायरच्या आत बसतात. १९७६ मध्ये स्थापन झालेल्या गरवारे वॉल रोप्सने चिंचवडला कृत्रिम धाग्यांचे दोर व मासेमारीची जाळी विणली. चिंचवडला समुद्र नाही, पण कोकणच्या कोळ्याचे जाळे येथून जाऊ लागले. सुताचे जाळे रोज वाळवावे लागे आणि कुजे; हे कुजत नाही. तोच त्याचा गुण आणि, समुद्रात तुटून राहिले तर, तोच त्याचा दोष.

मोटारगाड्यांनी तर सर्वच बदलले. १९७२ मध्ये आकुर्डीहून निघालेल्या चेतक स्कूटरचे अंग पत्र्याचे होते. डेंट पडला तर ठोकून काढीत. पुढे चाकणचा पट्टा उठला. बजाजचा कारखाना तेथे गेला, २००९ मध्ये फोक्सवॅगनचा सुरू झाला, आणि त्यांच्या मागोमाग सुटे भाग पुरवणाऱ्यांची गर्दी झाली. आजच्या गाडीचा बंपर पॉलिप्रॉपिलिनचा, दिव्याची काच पॉलिकार्बोनेटची, आसनाचा फेस पॉलियुरेथेनचा, पट्टा पॉलिएस्टरचा आणि अपघातात फुगणारी उशी नायलॉनची. पूर्वी प्रेसशॉपमध्ये पत्रा दाबणारा कामगार होता. आता त्याच्या बरोबरीने मोल्डिंग मशीनवरचा कामगार उभा आहे.

घराघरांत काय झाले, तेही सांगितले पाहिजे. तांब्याचा हंडा रिकामाच केवढा जड! तो भरून डोक्यावर आणणाऱ्या बाईला प्लास्टिकची घागर मिळाली, तेव्हा तिच्या मानेवरचा भार खरोखरच हलका झाला. ज्या घरात पितळी बादली कधी आली नसती, तेथे लाल-निळी बादली आली. गळणाऱ्या छपरावर ताडपत्रीऐवजी काळा कागद आला. चामड्याची मोट गेली आणि विहिरीपासून बांधापर्यंत पाइप आला, पुढे ठिबकच्या नळ्या आल्या. गरिबाने प्लास्टिकला जवळ केले ते फॅशन म्हणून नव्हे. ते स्वस्त होते, हलके होते आणि फुटत नव्हते. या गोष्टी विसरून जे नुसते नाक मुरडतात, त्यांनी एकदा पाण्याचा हंडा डोक्यावर घेऊन पाहावा.

पण त्याच घागरीने कुंभाराचे चाक मंदावले. पुण्याच्या तांबट आळीतला हातोड्यांचा ठोका विरळ झाला. बुरुडाच्या सुपा-टोपल्यांची जागा प्लास्टिकच्या टोपलीने घेतली. घायपाताचे दोर वळणाऱ्या मातंग कारागीराचा माल बाजारातून उठला. यांतल्या कित्येकांची मुले आम्हांस पुढे भोसरीत भेटली, मोल्डिंग मशीनपुढे उभी. बापाचा धंदा ज्या मालाने बुडवला, तोच माल मुलगा बारा-बारा तास घडवीत होता. इतिहासाची ही थट्टा पुस्तकांत सापडत नाही.

आता तो प्रसंग. आम्ही १९८९ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी भोसरीच्या एका लहान वर्कशॉपात लागलो. काम समजावून सांगतो. वरच्या हॉपरात दाणा ओतायचा. तापलेल्या बॅरलमध्ये तो दोनशे अंशांच्या वर वितळतो, स्क्रू त्याला पुढे ढकलतो, आणि साच्याचे दोन भाग कित्येक टनांच्या जोराने मिटलेले असतात त्यात तो शिरतो. पाण्याने साचा थंड होतो, उघडतो, कामगार दार सरकवून हाताने तुकडा काढतो, दार लावतो, आणि साचा पुन्हा मिटतो. या दाराला एक लहान स्विच असतो. दार उघडे असेल तर साचा मिटू नये, एवढेच त्याचे काम. त्या स्विचला तारेने बांधून टाकले की मशीनला वाटते दार लागलेलेच आहे. दर तुकड्यामागे पाच सेकंद वाचतात. पाळीत हजार तुकडे असले तर हिशेब करा.

१९९२ मधली रात्रपाळी. आम्ही तोवर मशीन लावून देणारे सेटर झालो होतो. वरून आकडा आला होता, की सकाळपर्यंत एवढे नग हवेत. लातूरकडचा एक मुलगा, कामाला लागून अडीच महिने झालेले, मशीनवर होता. तो म्हणाला, "दादा, दाराने लई वेळ जातोय." आम्ही पकड घेतली आणि स्विच बांधला. पहाटे साडेतीनला त्याचा उजवा हात साच्यात सापडला. चार बोटे गेली. मालकाने स्विच बांधा असे तोंडाने कधी सांगितले नव्हते. त्याने फक्त आकडा सांगितला होता. त्या तारेला पीळ देणारा हात आमचा होता. दुसऱ्या दिवशी चौकशी झाली तेव्हा तार कोठे दिसली नाही, आणि हजेरीपटावर त्या मुलाचे नावही सापडले नाही. तो ठेकेदाराचा होता. यंत्राच्या धोक्याच्या भागाला संरक्षक कुंपण असलेच पाहिजे असे १९४८ च्या कारखाने कायद्यात लिहिले होते. ते आम्ही त्या दिवसापर्यंत वाचलेले नव्हते. आम्ही साक्ष दिली, स्विच आम्ही बांधला असे सांगितले, आणि नोकरी गेली. त्या मुलाला नुकसानभरपाई मिळायला चार वर्षे लागली. वाचनालयात जाण्यास सुरुवात झाली ती त्या महिन्यात. प्रथम कायदा वाचला, आणि मग हा दाणा काय आहे ते वाचू लागलो.

वाचता वाचता कळले, की ही कथा भोसरीपुरती नाही. १९७४ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या लुइव्हिल येथील पीव्हीसीच्या कारखान्यातले कामगार यकृताच्या अत्यंत दुर्मीळ कर्करोगाने दगावल्याचे जाहीर झाले. पीव्हीसी ज्या वायूपासून होते, त्या व्हिनाइल क्लोराइडचा तो परिणाम होता. तयार पाइपात नव्हे, तर बनवताना भांडी खरवडणाऱ्या कामगाराच्या श्वासात तो धोका होता. प्राण्यांवरच्या प्रयोगांत तो युरोपात आधीच दिसला होता. कारखानदारांना ठाऊक होता, कामगारांना नव्हता. त्यानंतर तेथे हवेतल्या त्या वायूची मर्यादा दहा लाख भागांत पाचशेवरून एकावर आणली गेली. उद्योग बुडेल अशी ओरड झाली. उद्योग बुडाला नाही. पीव्हीसी आजही बनते. कामगाराचा जीव वाचवणे परवडत नाही असे जेव्हा कोणी म्हणतो, तेव्हा आम्ही हा पाचशे आणि एकचा हिशेब त्याच्यापुढे ठेवतो.

वस्तू वापरून झाल्यावर काय, हा शेवटचा भाग. सन १९५० मध्ये साऱ्या जगात मिळून सुमारे २० लाख टन प्लास्टिक होत असे. २०१५ मध्ये ते ३८ कोटी टनांच्या घरात गेले. तोवर जो कचरा झाला, त्यातला सुमारे नऊ टक्केच पुन्हा वितळवला गेला. गूळ पुन्हा वितळतो हे खरे, पण दर वेळी थोडा करपतो. तशा साखळ्याही दर वेळी तुटून आखूड होतात. शिवाय निरनिराळी प्लास्टिके एकत्र वितळवता येत नाहीत. ती वेगळी करावी लागतात, आणि ते काम यंत्राने नव्हे, कचरा वेचणाऱ्या बायांनी केले. हातात घेऊन, वाजवून, ताणून पाहून त्या सांगतात ही पिशवी कोणती आणि ती कोणती. १९९३ मध्ये बाबा आढावांच्या पुढाकाराने पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, आणि या बायांना प्रथमच कामगार म्हणून ओळख मिळाली. पिंपरी-चिंचवडच्या वस्त्यांतूनही तिच्या सभासद झाल्या. प्लास्टिकच्या इतिहासात बेकलंड यांच्याबरोबर यांचेही पान असले पाहिजे.

सरकारने कायदे केले. २६ जुलै २००५ च्या मुंबईच्या पुरात पिशव्यांनी गटारे तुंबल्याची मोठी चर्चा झाली. २३ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्राने पिशव्या व एकदाच वापरायच्या कित्येक वस्तूंवर बंदी घातली, आणि १ जुलै २०२२ पासून देशभर पेले, चमचे, स्ट्रॉ अशा वस्तू बंद झाल्या. कायद्याच्या मागची बुद्धी योग्य आहे. पण बंदी आली तेव्हा पहिला दंड भाजीवालीला झाला आणि पहिली पाळी लहान वर्कशॉपातल्या कामगाराची बंद झाली. त्याला दुसरे काम कोण देणार, हा प्रश्न कायद्यात नव्हता. नदीचे रक्षण आणि कामगाराची भाकरी यांत वैर नाही. दोहोंचा विचार एकाच टेबलावर व्हावा एवढेच आमचे मागणे.

जाता जाता एक लहान गोष्ट सांगून ठेवतो. घरी गेलात की कोणत्याही बाटलीच्या वा डब्याच्या तळाशी पाहा. बाणांच्या त्रिकोणात एक आकडा असतो. १ म्हणजे पाण्याच्या बाटलीचे पॉलिएस्टर, २ म्हणजे टणक पॉलिथीन, ३ पीव्हीसी, ४ पिशव्यांचे मऊ पॉलिथीन, ५ पॉलिप्रॉपिलिन, ६ पॉलिस्टायरिन, आणि ७ मध्ये उरलेली सर्व. मुलांना तो आकडा वाचायला शिकवा, आणि ओला कचरा त्यात मिसळू नका. वेचणाऱ्या बाईचे अर्धे श्रम तेथेच वाचतात.

आणि बादली विकत घेताना तिच्या काठावरून एकदा बोट फिरवा. कोठे तरी साच्याची बारीक रेघ लागेल. साच्याचे दोन भाग जेथे मिटले, ती ती रेघ. त्या दोन भागांच्या मधून दर मिनिटाला कोणाचा तरी हात आत-बाहेर झालेला असतो. तो मुलगा आज पन्नाशीकडे झुकला आहे, गावी पिठाची गिरणी चालवतो, डाव्या हाताने सही करतो. त्याच्या घरीही बादल्या प्लास्टिकच्याच आहेत. आमच्या संघटनेत आता एक नियम आहे, की कोणत्याही वर्कशॉपात गेलो तर बोलणी सुरू करण्याआधी मशीनच्या दाराचा स्विच पाहायचा. गेल्या महिन्यात चाकणला गेलो होतो. नऊ मशीनांपैकी दोहोंवर तार होती. ती आम्ही मालकासमोर सोडवली, आणि मगच खुर्चीवर बसलो.